शिट्टी तोंडातच राहिली

बाकावर बसलेल्या माणसाला तोंड असतं, हे मला मान्य आहे. ते त्यानं आपल्या गड्याला धीर द्यायला उघडावं, पाणी प्यायला उघडावं, पान खायला उघडावं. पण समोरच्या संघाचा गडी फ्री थ्रोच्या रेघेवर चेंडू घेऊन उभा असताना ज्याला आपलं तोंड मिटून ठेवता येत नाही, त्याला उठवून कुंपणाच्या पलीकडं बसवावं, असं माझं मत आहे. आणि जो पंच हे ऐकून न ऐकल्यासारखं करतो, त्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घ्यावी. हे दुसरं मत मी जास्त जोरात मांडतो, कारण असा एक पंच माझ्या चांगल्या माहितीतला आहे. तो मीच होतो.

पुढं सांगलीत मी बरीच वर्षं बास्केटबॉलच्या सामन्यांना उभा राहिलो. पोरं मला माघारी 'बाकाचा फौजदार' म्हणत. म्हणेनात का. एकदा आमच्याच शाळेच्या बाकावरचे एक मास्तर फेकीच्या ऐन वेळी मोठ्यानं खाकरले. मी त्यांच्या बाजूवर दोष लावला. ते म्हणाले, "खोकला आला होता हो." मी म्हटलं, "मग गेला अर्धा तास कुठं गेला होता तो?" आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत माझ्याकडं पाठ करून चहा पीत. मला त्याचं काही वाटलं नाही. बाकावरच्या एका हाकेनं काय होतं, ते मी पाहिलं होतं आणि त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली तेव्हा आमच्या भागात खाकी कपड्यांतली माणसं परत येऊ लागली. कुणी पत्र्याचे मग आणले, कुणी घोंगड्यापेक्षा जड कोट आणले, कुणी मोडकं इंग्रजी आणलं. काहींनी बास्केटबॉल आणला. ज्या पोरांनी गावात हुतुतू आणि कुस्तीखेरीज काही पाहिलं नव्हतं, ती छावणीच्या मैदानावर हा खेळ शिकून आली होती. मीही त्यांतलाच. हवालदार होऊन सुटलो आणि सांगलीतल्या एका शाळेत ड्रिल मास्तर म्हणून लागलो. शाळेच्या मागं मैदान होतं. तिथं दोन खांब पुरले, त्यांवर फळ्या ठोकल्या, आणि बैलगाडीच्या चाकाला बसवतात त्या लोखंडी पट्टीची लोहाराकडून दोन कडी वाकवून घेतली. जाळी सुतळीची. रेघा फक्कीच्या. चेंडू पलटणीतून आणलेला, वादी ओवून बांधायचा, कातड्याचा. पावसात भिजला की तो दगडासारखा जड व्हायचा.

नियमाचं पुस्तक होतं माझ्याकडं. इंग्रजीत होतं, पण मी ते शब्दाशब्दाला अडखळत दोनदा वाचलं होतं. त्यामुळं सातारा-सांगली भागात कुठंही सामना ठरला की पंच म्हणून मलाच बोलावणं यायचं. नियम ठाऊक असलेला दुसरा माणूस नव्हता, एवढंच त्यातलं माझं कर्तृत्व.

माझ्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी माधवनगरच्या एका कापड गिरणीचा संघ सरावाला यायचा. त्यांत एक उंच, सडपातळ गडी होता. पलटणीत तो नाईक होऊन सुटला होता, म्हणून गिरणीत सगळे त्याला नाईकच म्हणत. तो तासगावकडच्या एका खेड्यातला. गिरणीत तो बदलीवर होता. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन उभं राहायचं, आणि कुणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या मागावर काम करायचं. सगळे आले तर परत फिरायचं. साडेतीन वर्षं परमुलखात लढलेला माणूस असा रोज दारात ताटकळत उभा राहायचा, आणि आत बोलावलं की हरखायचा. मला ते बघवत नसे.

सराव संपला तरी नाईक मागं राहायचा आणि नुसत्या फ्री थ्रोच्या फेकी करायचा. पन्नास झाल्याशिवाय चेंडू ठेवायचा नाही. त्याची फेक त्या काळच्या पद्धतीची. चेंडू दोनदा जमिनीवर आपटायचा, उजवा तळवा चड्डीला पुसायचा, मग दोन्ही हातांत चेंडू धरून गुडघ्यांत वाकायचा आणि झोका देऊन खालून वर सोडायचा. चेंडू कड्यात पडला की सुतळीचा फक्त सर्रकन आवाज यायचा. पन्नासांतल्या पाच-सहाच हुकायच्या.

एकदा तो चेंडूची वादी आवळता आवळता म्हणाला, "मास्तर, पोरगी मला पाव्हणं म्हणती."

हा बोटीत बसला तेव्हा बायकोचे दिवस भरत आले होते. परत आला तेव्हा मुलगी साडेतीन वर्षांची झाली होती. आता हा माधवनगरात सोबत्याच्या खोलीत, आणि बायको-मुलगी गावाकडं. आठवड्याच्या सुट्टीला जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा.

मी म्हटलं, "लाडानं म्हणत असेल."

"न्हाई. खरंच पाव्हणा वाटतो मी तिला. मी दारात दिसलो की आत पळती आन् आईला सांगती, पाव्हणं आलं, च्या ठिव." तो हसला. मीही हसलो. मग तो म्हणाला, "कायम झालो की गिरणीच्या चाळीत खोली मिळंल. दोगींना घिऊन येतो. रोज घरी दिसलो म्हंजे कळंल तिला."

आता साताऱ्याचा सामना. संक्रांत होऊन गेली होती. साताऱ्यातल्या पेन्शनर आणि सुटून आलेल्या शिपायांनी एक संघ उभा केला होता, आणि जिंकणाऱ्याला एक ढाल ठेवली होती. गिरणीच्या मॅनेजरला खेळाची हौस होती. तो सगळ्या संघासमोर म्हणाला होता, ढाल आणली तर नाईकाला कायम करतो. संघात बदलीवर तो एकटाच होता. मॅनेजर बोललेला शब्द पाळणारा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं नाईक त्या महिन्यात पन्नासाऐवजी शंभर फेकी करू लागला.

पंच म्हणून दोन्ही बाजूंना मीच चाललो. गिरणीला चाललो, कारण मी सांगलीचा. साताऱ्याला चाललो, कारण त्यांच्या संघाचे म्होरके एक पेन्शनर सुभेदार होते, आणि भरती झाल्यावर मला पहिल्या दिवशी पाय कसा आपटायचा ते त्यांनीच शिकवलं होतं. नाईकालाही त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. नऊ महिने आम्ही त्यांच्या आवाजावर उठलो, बसलो, जेवलो. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या आवाजावर आहे.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही साताऱ्याला गेलो. चढावर दोनदा उतरून ढकलावी लागली. नाईक सर्वांत पुढं खांदा लावून होता. मी ओरडलो, "अरे, हात सांभाळ, उद्या फेकायचंय." त्यानं लगेच हात काढले आणि पाठ लावली.

मैदानाभोवती दोर बांधून माणसं बसली होती. कुणीतरी हलगी आणली होती. कुस्तीच्या फडात बसायची सवय असलेली माणसं, त्यांना मुकाट्यानं खेळ बघणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. दोराबाहेरच्यांबद्दल माझी तक्रार नाही. ती आरडाओरड कुणा एकाविरुद्ध नसते. हलगी वाजते ती दोघांसाठी वाजते. माझी तक्रार आहे ती बाकाबद्दल. बाक हा संघाचा भाग असतो. बाकावरचा माणूस नियमाला बांधलेला असतो.

साताऱ्याच्या बाकावर सुभेदार मधोमध बसले होते. पांढरा फेटा, मांडीवर वेताची छडी. त्यांच्या दोन्ही बाजूंना राखीव गडी. पहिल्यापासूनच ही मंडळी गिरणीचा गडी फेकीला उभा राहिला की पत्र्याचे मग बाकावर बडवायची. "हुकली रं हुकली" असं चेंडू हातातून सुटायच्या आतच ओरडायची. मी काय केलं? काही नाही. मनात म्हटलं, खेळ नवा आहे, माणसं आपलीच आहेत, शिकतील हळूहळू. पहिल्या मगाला मी शिट्टी मारली असती, तर पुढचं घडलं नसतं. पंचाच्या अशा समजूतदारपणाचा मला आज संताप येतो. ज्याच्यावर अन्याय चाललाय त्याच्या जिवावर समजूतदार होणं फार सोपं असतं.

शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा साताऱ्याचा संघ एका गुणानं पुढं होता. नाईक चेंडू घेऊन कड्याकडं उडाला आणि साताऱ्याच्या गड्यानं त्याला हवेतच आडवा धक्का दिला. तो कोपरावर पडला. मी शिट्टी मारून दोन फेकी दिल्या. एक पडली तर बरोबरी. दोन्ही पडल्या तर ढाल गिरणीची, आणि नाईक कायम. मैदानावरच्या प्रत्येकाला ते माहीत होतं. मॅनेजर खुर्चीवरून उठून दोराला टेकून उभा राहिला होता.

फ्री थ्रो म्हणजे काय, हे लोकांना कळत नाही म्हणून सांगतो. एका माणसावर अन्याय झालेला असतो, त्याची ती भरपाई असते. म्हणून बाकीचे नऊ जण हलायचे नाहीत, कुणी आडवं यायचं नाही. सगळ्या खेळात तेवढीच एक जागा अशी, की जिथं माणसाला एकट्याला, निवांत, त्याचा हक्क वापरू द्यायचा. ज्यांनी त्याला पाडलं त्यांनीच त्या वेळी बाकावरून त्याच्या कानात ओरडायचं, म्हणजे पाडून वर लाथ घालायची.

मी नाईकाच्या हातात चेंडू दिला आणि बाजूला झालो. शिट्टी तोंडात. त्यानं कोपराचं रक्त बनियनला पुसलं. चेंडू दोनदा आपटला. उजवा तळवा चड्डीला पुसला. बाकावरचे मगही थांबले होते. मला वाटलं, चला, शेवटी तरी लाज वाटली. तो गुडघ्यांत वाकला, हात खाली झोक्यात गेले.

"स्क्वॉऽऽऽड..."

पहिला शब्द असा लांबवायचा असतो. तो ऐकून माणसाचं अंग गोळा होतं, पाय जमीन चाचपतात. मग दुसरा शब्द, 'अटेन्शन'चं नुसतं शेपूट, तोडून टाकायचा.

"शन!"

वयाच्या साठीतही काय आवाज होता तो. नाईकाचे गुडघे झटकन सरळ झाले, टाचेला टाच लागली, दोन्ही हात मांड्यांना चिकटले. चेंडू कुठं गेला ते त्याला कळलंही नसेल. तो हातभर वर उडाला आणि त्याच्या पायाशी येऊन पडला. दोराजवळ बसलेला एक म्हातारा पेन्शनर ताडकन उठून उभा राहिला आणि त्याची पानतंबाखूची चंची मांडीवरून सांडली. सारं मैदान हसलं. आधी नाईकाला हसलं, मग म्हाताऱ्याला हसलं, आणि मग माझ्याकडं बोटं करून पोट धरधरून हसलं.

माझ्या टाचा जुळल्या होत्या. छाती पुढं, हनुवटी वर, हात चड्डीच्या शिवणीला. शिट्टी तोंडात तशीच.

आता पुस्तक काय म्हणतं ते मला पाठ होतं. फेकणाऱ्याला समोरच्या बाजूनं मुद्दाम विचलित केलं आणि फेक पडली, तर गुण धरायचा. हुकली, तर फेक पुन्हा द्यायची. आणि हे बाकावरून झालं असेल तर बाकावर दोष लावायचा, त्याची वेगळी फेक द्यायची. मी शिट्टी मारून, हात वर करून, सुभेदारांच्या समोर जाऊन उभं राहायचं होतं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं होतं. पाच-सहा शब्दांचं काम. पण ते करायचं म्हणजे हे का झालं ते सांगायचं, आणि पंचही त्यात सापडला हे स्वतःच्या तोंडानं कबूल करायचं. तोवर लोक हसत होते आणि माझे कान तापले होते. मग मी काय केलं असेल? मीही हसलो. सगळ्यांबरोबर हसलो म्हणजे आपण हसण्याचा विषय राहत नाही, एवढा हिशेब मला चटकन सुचला. सुभेदारांकडं बघून, बोट हलवून मी म्हणालो, "साहेब, आता नको हं."

"बरं बरं, मास्तर," सुभेदार म्हणाले आणि मिशांवरून हात फिरवला.

मी चेंडू उचलून नाईकाला दिला. म्हणालो, "दुसरी." त्यानं माझ्याकडं पाहिलं. पुन्हा देणार ना, असं त्या बघण्यात होतं. मी पुन्हा म्हणालो, "दुसरी फेक."

या वेळी बाक अगदी गप्प. मगसुद्धा वाजला नाही. सुभेदारांनी तोंडावर बोट ठेवून आपल्या पोरांना गप्प बसवलं, आणि लोकांना ते फार सभ्य वाटलं. पण एकदा हाक आली की दुसऱ्या वेळी हाकेची गरजच राहत नाही. नाईकानं चेंडू दोनदा आपटला. तळवा पुसला. वाकला, आणि तसाच थांबला. त्याची मान बाकाच्या बाजूला किंचित वळलेली होती. तो त्या आवाजाची वाट बघत होता. मला त्याच्या मानेची शीर दिसत होती. आवाज आला नाही. मग त्यानं घाईनं चेंडू सोडला. तो कड्याच्या पुढच्या कडेवर आपटून परत आला आणि साताऱ्याच्या गड्यानं धरला. वेळ संपली.

बाकानं नियम मोडला आणि पंच हसला, की मग ती शांतताही बाकाचीच होते. फेकणाऱ्याला एवढंच कळावं लागतं, की पंच आपल्या पाठीशी उभा आहे. त्याला उलट कळलं होतं.

सामना सुटल्यावर मॅनेजर माझ्याकडं आला. नाईक त्याच्या मागं दोन पावलांवर, खांद्यावर टॉवेल टाकून उभा होता. मॅनेजर सरळ माणूस होता. तो म्हणाला, "मास्तर, मला नियम ठाऊक नाहीत. ते ओरडले ते नियमात बसतं का? बसत नसेल तर मी आत्ताच लेखी तक्रार देतो. फक्त तुमच्या तोंडून ऐकू द्या."

पुस्तक माझ्या खिशात होतं. तक्रार गेली असती तर फेक पुन्हा द्यावी लागली असती, निदान सामना पुन्हा झाला असता. सुभेदार चार हातांवर छडी टेकून उभे होते आणि ऐकत होते. मी म्हणालो, "खेळात आवाज व्हायचेच. त्याकडं लक्ष न देणं हाही खेळच."

हे वाक्य मी नंतर किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. ढिले पंच ते फार शहाणपणानं म्हणतात. प्रत्येक वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली आहे.

मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे."  नाईकानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि चेंडू पिशवीत भरायला गेला.

परतीच्या मोटारीत तो सर्वांत मागं बसला होता. कराडला चहाला गाडी थांबली तेव्हा मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "कोपर दुखतंय का?"

"न्हाई." मग म्हणाला, "मास्तर, तुमचं बी पाय जुळलं हुतं."

"हो."

"मला वाटलं, तुमी सांगशीला. आपल्याबी अंगात ते किती मुरलंय, तुमाला ठावं हाय न्हवं."

त्याला मॅनेजरला सांगता आलं असतं, की साहेब, पंचच तिथं ताठ झाला होता, त्याला काय विचारता? सगळं मैदान साक्षीला होतं. त्यानं ते सांगितलं नाही. माझी नवी नोकरी, शाळेतली पोरं मला हसतील, याचा विचार त्यानं केला असावा. मी त्याचा केला नव्हता.

मॅनेजरनं त्याला काढलं वगैरे नाही. नाईक होता तसा बदलीवर राहिला, एवढंच. पण लढाईच्या मागणीवर चाललेली गिरणी आता मंदावली होती, आणि पावसाळ्यात बदलीवाल्यांना आठवड्यातून दोन दिवससुद्धा काम मिळेना. माझ्या मैदानावर तो यायचा बंद झाला.

मी मधल्या काळात एकदा साताऱ्याला गेलो तेव्हा मुद्दाम सुभेदारांच्या घरी गेलो. अंगाचा तिळपापड झालेलाच होता. जाताना सगळी वाक्यं जुळवून गेलो. ते अंगणात खाटेवर बसून सुपारी कातरत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "साहेब, तुम्ही केलंत ते बरं नाही केलंत. एका माणसाची भाकरी गेली."

त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आरं, मी गंमत केली. बाकावर बसलेला माणूस गंमत करनारच. कुस्तीत ओरडत न्हाईत व्हय?"

"ही कुस्ती नव्हती."

"मंग तवा का न्हाई सांगितलंस?" ते शांतपणे म्हणाले. "मी बाकावर हुतो. शिट्टी तुझ्या तोंडात हुती. येवडंच म्हनायचं हुतंस, साहेब, गप बसा, तुमच्यावर दोष लावलाय. मी बसलो असतो गप. पंच तू हुतास का मी?"

मला त्यांचा राग घेऊन परत यायचं होतं. तोही त्यांनी राहू दिला नाही. मी पाणी न पिताच निघालो. त्यांनी केलं ते वाईटच होतं, हे मी आजही म्हणतो. पण ते बरोबर बोलले, हेही खरं, आणि त्याचीच चीड मला जास्त आली.

त्यानंतरच्या पहिल्याच सामन्यात मी दोन्ही बाकांसमोर जाऊन सांगितलं, की समोरच्याची फेक असेल तेव्हा तोंडातून हूं निघाला तरी दोष लावीन. फेक द्यायच्या आधी मी बाकाकडं वळून बघायचो, आणि सगळे गप्प झाल्याशिवाय फेकणाऱ्याच्या हातात चेंडू द्यायचो नाही. आवाज झालाच, तर फेक पुरी होऊ द्यायची, पडली तर गुण, हुकली तर पुन्हा, आणि मग बाकाकडं चालत जाऊन मोठ्यानं दोष सांगायचा. हसायचं नाही. कोण बसलंय तेही बघायचं नाही. लोक म्हणाले, मास्तर लय कडक झाले. लय उशिरा झालो.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीची दिवाळी होऊन गेली होती. गिरणीतल्या एकानं सांगितलं, की नाईक परत पलटणीत चाललाय. काश्मीरात लढाई पेटली होती, जुनी माणसं पुन्हा बोलावत होते. मी शाळा सुटल्या सुटल्या तसाच सांगली स्टेशनवर गेलो. शिट्टी गळ्यातच होती, काढायची राहून गेली.

फलाटावर वीसेक माणसांची तुकडी होती. नाईक खाकीत होता. त्याची बायको ट्रंकेवर बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीला टेकून शेंगा खात होती. मी जवळ गेलो आणि एवढा वेळ तोंडाशी आलेलं शेवटी बोललो. "माझं चुकलं. ती फेक पुन्हा द्यायला पाहिजे होती."

तो माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडं बघत होता. म्हणाला, "व्हय. पायजे हुती." बास, एवढंच. 'जाऊ द्या, मास्तर' म्हणून त्यानं मला सावरून घेतलं नाही, आणि ते बरंच केलं.

मग तो मुलीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या फ्रॉकवरची टरफलं झटकू लागला. ती त्याच्या टोपीला हात लावून बघत होती. तेवढ्यात फलाटाच्या टोकाकडून तुकडीच्या हवालदारानं लांबलचक आवाज टाकला. मी माझे पाय मुद्दाम फाकवून उभा राहिलो. नाईक जागच्या जागी उठला आणि त्याच्या टाचा जुळल्या. मुलीच्या फ्रॉकवर दोन टरफलं तशीच राहिली.

ती खुदकन हसली. आईचा पदर ओढून म्हणाली, "आई, पाव्हणं बघ कसं ताठ हुबं ऱ्हायलं."